मायाक्काचे उतारे

मायाक्का चन्नप्पा मिस्त्रींच्या दुकानात कामाला लागली ती लाकूड घासायला. मिस्त्री सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वाजवायच्या पेट्या आणि वीणा करायचे. दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळचं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसायचं आणि मागच्या पडवीत काम चालायचं. रंधा मारून झालेलं लाकूड काचकागदानं घासायचं, वर लाखेच्या पॉलिशचा हात द्यायचा, वाळलं की परत घासायचं, असं एकेका पेटीला आठ आठ दिवस लागत. मिस्त्रींच्या बायकोनं, निंगव्वानं, आधी दोन बाया ठेवून पाहिल्या होत्या. दोघीही कंटाळून गिरणीत गेल्या. मायाक्का टिकली.

ती सांगोल्याकडची, धनगराच्या घरातली. माहेरी मेंढरं होती आणि घोंगड्यांचे माग होते. एकोणीसशे वीस सालच्या दुष्काळात मेंढरं गेली. लोकरच नाही म्हटल्यावर मागही बसले. तेव्हा तिचा नवरा गुंडा तिला घेऊन सोलापुरात आला आणि गिरणीत लागला. तिलाही तिथं काम मिळालं असतं, पण साच्यांच्या, म्हणजे तिथल्या यंत्रमागांच्या, आवाजानं तिचं डोकं धरायचं. मेंढरामागं वाढलेली बाई. तिला हळू आणि एकसारखं काम मानवायचं.

चन्नप्पा मिस्त्रींचं नाव होतं ते त्यांच्या कुंचल्यामुळं. पेट्या काय, पुष्कळजण करत. त्यातले सूर, म्हणजे पितळी पट्ट्या, तेही परदेशातूनच यायचे. पण मिस्त्रींच्या पेटीवर समोरून दोन मोर असत, माना एकमेकांकडं वळवलेल्या, आणि कडेनं आंब्याच्या पानांची वेल. वीणेच्या दांडीवर तीच वेल बारीक होऊन वर चढायची. हे सगळं ते हातानं काढत. मोराचे आणि वेलीचे खाके, म्हणजे सुईनं टोचलेले कागद, वडिलांपासून चालत आलेले होते. खाका लाकडावर ठेवून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपके उमटत, आणि त्या ठिपक्यांवरून मिस्त्री कुंचला फिरवत. कुंचला फिरत असेपर्यंत पडवीत कुणी बोलायचं नाही.

अठ्ठावीस सालच्या पावसाळ्यात मिस्त्रींना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. उठले ते हातात कंप घेऊनच. रंधा, करवत चालायची, कारण तिथं सगळ्या अंगाचा जोर लागतो. कुंचला मात्र धरला की टोक थरथरायचं. तीन वेळा त्यांनी एका पेटीवरचा मोर पुसला. चौथ्या वेळी कुंचला धुऊन खुंटीला अडकवला आणि बाजारातून जर्मन छाप आणले.

हे छाप तेव्हा शिवणयंत्रांवर, पेट्यांवर, कपाटांवर सर्रास दिसायचे. कागदावर रंगीत फुलं असत. चित्राला रोगण लावून कागद लाकडावर पालथा चिकटवायचा, मग ओला करून सोलून काढायचा. कागद हातात आणि फुलं लाकडावर. मिस्त्रींना ती फुलं आवडायची नाहीत. त्यांच्या मते ती कोबीसारखी दिसत. पण गिऱ्हाइकाला सांगणार काय? हात कापतो हे कळलं की उद्या कुणी दुकानाची पायरी चढणार नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. मोर आता जुने झाले, लोकांना नवं लागतं, असं ते सांगू लागले. खरं काय ते निंगव्वाला ठाऊक होतं. आणि मायाक्काला, कारण ती पडवीतच बसायची.

छाप सोलायचं काम मायाक्काकडं आलं. पहिल्याच दिवशी सोललेला कागद फेकायच्या आधी तिनं बोटांत चोळून पाहिला. बुळबुळीत लागत होता. तिनं नखानं थोडं खरवडलं आणि जिभेला लावलं. मग ती मिस्त्रींकडं गेली.

"मिस्त्री, ही खळ हाय."

"कसली खळ?"

"आमी घोंगड्याच्या ताण्याला देतो तसली. चित्र कागदावर न्हायच की. चित्र खळीवर हाय. खळ भिजली की ते सुटतंय."

मिस्त्रींनी मान हलवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. जर्मन लोकांची यंत्रं असतात, त्यांची औषधं असतात, आपल्याला ते जमायचं नाही, असं काहीसं म्हणाले. त्या आठवड्याच्या बाजारातून मायाक्कानं मापटंभर चिंचोके आणले.

खळ तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, टरफल काढायचं, कुटायचे आणि पाण्यात शिजवायचे. माहेरी ती कुंच्यानं अंगणभर पसरलेल्या ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांना, खळ द्यायची. कागदाला देणं मात्र वेगळं निघालं. पातळ दिली तर ती कागदातच मुरे आणि वरचा रंग सुटता सुटत नसे. जाड दिली तर वाळल्यावर कागद जरा वाकवला की ती भेगाळे. कागदही हवा तसा मिळेना. शेवटी हस्तपत्रिका छापतात तो बदामी कागद चालला, कारण तो पाणी चटकन पितो. भेगा बंद व्हाव्यात म्हणून तिनं खळीत गूळ घातला. भेगा बंद झाल्या, पण मुंग्या आल्या. दोन दिवसांचं काम मुंग्यांनी एका दुपारी कुरतडलं. मग ती कागद दोरीला टांगू लागली आणि दोरीच्या दोन्ही टोकांना राखेच्या पाण्यात भिजवलेली चिंधी बांधू लागली.

गुंडा हे सगळं बघत होता. एकदा तो म्हणाला, की दुष्काळात ह्याच चिंचोक्यांवर आपण दिवस काढले आणि तू ते कागदाला खायला घालतेस. पण दुसऱ्या दिवशी गिरणीतून आल्यावर त्यानं आपणहून मुसळ हातात घेतलं.

सात-आठ महिन्यांनी, एका सकाळी, मायाक्कानं खळ दिलेला एक कोरा कागद मिस्त्रींपुढं ठेवला आणि त्यांच्या वडिलांच्या मोराचा खाका मागितला. मिस्त्रींनी दिला. तिनं ठिपके पाडले आणि काजळीच्या तेलरंगानं रेघ ओढायला बसली. मिस्त्री उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी तिला थांबवलं. हे चित्र पालथं पडणार, म्हणजे जे आधी काढशील ते लाकडावर सगळ्यात वर येणार, असं त्यांनी समजावलं. तेव्हा आधी डोळा आणि रेघा, मग पिसांतली नीळ, मग अंगाचा रंग, आणि सगळ्यात शेवटी मागून सफेता. मायाक्काच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. त्या दिवसापासून काम दोघांचं झालं. खाका आणि रंग मिस्त्रींचे, खळ आणि हात मायाक्काचा.

पहिला मोर लाकडावर उतरला त्या दिवशी निंगव्वानं देवापुढं साखर ठेवली. मायाक्का त्या कागदांना उतारे म्हणायची, कारण चित्र कागदावरून लाकडावर उतरतं. निंगव्वाला ते नाव खटकलं. उतारा म्हणजे तिठ्यावर ठेवतात तो लिंबू-भात, दुकानात असलं बोलू नये, असं तिनं बजावलं. पण महिन्याभरात तीही उतारेच म्हणू लागली.

गिऱ्हाइकांना यातलं काहीच सांगितलं नाही. मिस्त्रींचे मोर परत आले, एवढंच लोकांना दिसलं. कुणी कौतुक केलं की मिस्त्री मान खाली घालून सुपारी कातरायला लागत, आणि मागं पडवीत मायाक्का लाकूड घासत असे. तिला त्याचं फार काही वाटत नव्हतं. मोर मिस्त्रींच्या वडिलांचे होते. आपण उतरवतो, एवढंच ती धरून होती. निंगव्वा मात्र एकदा नवऱ्याशी कानडीत बरंच बोलली. मायाक्काला त्यातलं आपलं नाव तेवढं कळलं.

तीस सालच्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा आला. कितीतरी दिवस पेठ बंद होती. तो उठल्यावर परदेशी मालाकडं लोक वाकड्या नजरेनं बघू लागले आणि जर्मन फुलांची पेटी कुणी घेईना. मिस्त्रींच्या मोरांना मागणी वाढली. त्याच दिवाळीनंतर वेळापूरहून मानसिंगराव आले. ते तिथल्या श्रीनाथ भजनी मंडळाचे प्रमुख; मोठ्या मिशांचे, बोलायला सावकाश. मंडळाला नवी पेटी हवी होती, आणि त्यांची एक अट होती. पेटीवर मोर असावेत, पण मोरांच्या मधे मंडळाचं नाव असावं, ठसठशीत, लांब बसलेल्यालाही वाचता येईल असं. मार्गशीर्षात सप्ताह बसणार होता. त्याच्या आधी पेटी पाहिजे.

मिस्त्रींनी अक्षरं काढली. हात कापत होता म्हणून एकेक अक्षर त्यांनी चार-चारदा काढलं, त्यातलं बरं ते निवडलं आणि सुईनं टोचलं. असा खाका तयार व्हायला तीन दिवस गेले. मायाक्कानं तो कागदावर ठेवला, ठिपके पाडले, रंग भरला, पंधरवडा वाळू दिला आणि मोर बसवून तयार असलेल्या पेटीवर तो उतारा दाबला. त्या दिवशी मिस्त्री लाकडाच्या वखारीत गेले होते. कागद एका सपाट्यात निघाला. रंग कुठं तुटला नाही, कड फाटली नाही. इतका स्वच्छ उतारा तिच्या हातून पहिल्यांदाच निघाला होता. तिनं ओल्या फडक्यानं खळ पुसली आणि वाळायला पेटी खिडकीपाशी ठेवली. मिस्त्री परत आले तेव्हा पेटीवर कापड झाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगराव दोन माणसं घेऊन आले. मिस्त्रींनी स्वतः कापड काढलं. मानसिंगराव पुढं वाकले, मागं सरले, मान तिरपी करून पाहिलं. मग अगदी सरळपणानं त्यांनी विचारलं,

"मिस्त्री, ह्ये कानडी हाय काय?"

मिस्त्रींनी पाहिलं आणि ते खाली बसले. सगळी अक्षरं उलटी होती. 'श्री' तोंड फिरवून बसली होती, काने भलत्या बाजूला गेले होते, आणि वेळापूर डावीकडं होतं. मोर कसेही उलटले तरी मोरच राहतात, त्यामुळं दीड वर्षात हा प्रश्न कधी आला नव्हता. खाका पालथा करून ठिपके पाडायला हवे होते. मायाक्काला अक्षरओळख नव्हती. तिच्या दृष्टीनं ती एक वेल होती, वर आडवी काठी असलेली.

ती दारातच उभी होती. मिस्त्री खाली बसले, यावरून आपल्याकडून काहीतरी मोठं बिघडलं हे तिला कळलं, पण काय बिघडलं ते दिसेना. पेटी चकचकीत होती. रंग जागच्या जागी होता. मानसिंगरावांबरोबरचा एकजण हसू दाबत म्हणाला, की मिस्त्रींच्या दुकानात आता कोण काम करतंय. तिला वाटलं, आता मिस्त्री माझ्याकडं बोट दाखवणार. दाखवलं तरी खोटं ठरणार नव्हतं.

मिस्त्री उठले. त्यांनी दोन्ही हात पुढं धरले. बोटं थरथरत होती आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मानसिंगराव, अक्षरं माजी हायत. खाका मीच टोचला आन् पालथा करायचं मीच विसरलो. ह्या बाईला वाचाय येत न्हाय. तिनं मी दिलं तसं उतरवलं." मग ते म्हणाले, "दोन वर्सं झाली, मी लाकडावर कुंचला टेकवलेला न्हाय. माजा हात गेलाय. तुमी बघताय ते मोर बी तिचे, वेली बी तिच्या."

मानसिंगरावांनी मायाक्काकडं पाहिलं. मग ते ओट्यावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, सप्ताह चार दिवसांवर आलाय, आता करायचं काय. मिस्त्रींनी सांगितलं की अक्षरं खरवडून तेवढ्या जागेला पॉलिश दोन दिवसांत होईल, पण नवा उतारा वाळायला पंधरवडा लागेल. पेटी मोरांसकट घेऊन जावी, नाव मागाहून बसवू. ते कसं बसवणार, पेटी परत आणायची का, असा प्रश्न निघाला तेव्हा मायाक्का पहिल्यांदा बोलली. पेटी आणायची गरज नाही, मी तिकडं येऊन बसवून देते, असं ती म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

मानसिंगरावांनी ते मान्य केलं.

ती माणसं गेल्यावर मिस्त्रींनी कामाला हात लावला नाही. मायाक्कानं उलट्या अक्षरांवर काचकागद फिरवायला घेतला. अर्धं नाव खरवडून झाल्यावर ती थांबली आणि तिनं सांगितलं, की मला अक्षरं शिकवा. खाका मिस्त्री कितीही वेळा पालथा करून देवोत, जे आपल्याला कळत नाही ते पुन्हा उतरवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

मिस्त्रींनी एका फळीवर लाकडाचा बारीक भुसा पसरला आणि त्यात बोटानं 'श्री' काढली. भुशात हात कापला काय आणि न कापला काय, अक्षर वाचता येतं. रोज दुपारी जेवण झाल्यावर दोन अक्षरं. मायाक्का प्रत्येक अक्षर आधी सरळ काढायची आणि लगेच शेजारी उलटं. 'ठ' आणि 'ळ' तिला आवडले, कारण ते दोन्हीकडून जवळजवळ सारखेच दिसत. 'क' आणि 'फ' तिला फसवत. निंगव्वा भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधेच एखादं अक्षर आधी ओळखून दाखवायची. गमतीचा भाग असा, की कामात सगळं उलटंच लागायचं, त्यामुळं मायाक्काला उलटं वाचणं लवकर आलं आणि सरळ वाचताना ती अडखळायची. पुढं फाल्गुनाच्या सुमारास शिरगणतीचा माणूस घरी आला आणि त्यानं लिहिता वाचता येतं का विचारलं. कागद पालथा केला तर येतं, असं तिनं खरं तेच सांगितलं. त्यानं काय मांडलं कोण जाणे.

उतारा पौषात तयार झाला. दोन गुळगुळीत फळ्यांच्या मधे तो ठेवून, फळ्या सुतळीनं आवळून, मायाक्का आणि निंगव्वा मोटारीनं पंढरपुरापर्यंत आणि तिथून मानसिंगरावांच्या बैलगाडीतनं वेळापूरला गेल्या. गाडीत सगळा वेळ मायाक्का फळ्या मांडीवर धरून होती. पेटी देवळाच्या ओवरीत मांडली होती. बाई येऊन नाव बसवणार ही बातमी आधीच गावभर झाली होती, त्यामुळं मंडळ तर होतंच, मंडळाबाहेरचेही पुष्कळ जमले होते.

मायाक्कानं लाकूड पुसलं. मग उताऱ्याच्या रंगावर चंद्रस नावाच्या राळेचं रोगण लावलं आणि ती वाट बघत बसली. रोगण ओलं असताना दाबलं तर चित्र घसरतं, फार वाळलं तर धरत नाही. बोट टेकलं तर चिकटावं पण माखू नये, एवढीच ती वेळ असते. ओवरीत वारा होता आणि पेठेतल्यापेक्षा रोगण लवकर सुकत आलं. माणसं बोलत होती, कुणी विचारत होतं आता कशासाठी थांबलीय. तिनं लक्ष दिलं नाही. तिनं बोटाची मागची बाजू टेकवून पाहिली, कागद उचलला, त्यावरचं नाव उलट्या बाजूनं पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचलं आणि मगच तो पालथा घातला. निंगव्वानं कापडाचा बोळा फिरवून तो दाबला.

पाणी लावल्यावर कागद फुगला. मायाक्कानं कोपरा धरून हळूहळू ओढला. 'श्री' आली, 'नाथ' आलं. 'मंडळ'पाशी कागद किंचित अडला आणि 'ळ'ची एक वाटी कागदाबरोबर निघून गेली. बघणारे हळहळले. मायाक्कानं पिशवीतून कुंचला काढला, तेवढी वाटी हातानं रंगवून टाकली आणि सरळ बसली.

मानसिंगरावांनी मोठ्यानं वाचलं, "श्रीनाथ भजनी मंडळ, वेळापूर." मग म्हणाले, "आता मराठी झालं."

ओवरीत हशा पिकला. मायाक्काही हसली, तोंडाला पदर लावून. मानसिंगरावांच्या घरी दोघी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला परतल्या.

ती गोष्ट पंचक्रोशीत पसरली. मिस्त्रींना जी भीती होती तसं काही घडलं नाही. त्यांचा हात गेला हे सगळ्यांना कळलं आणि तरी लोक येत राहिले. आता ते दुकानात शिरल्यावर मिस्त्रींशी लाकडाचं बोलत आणि मायाक्काला पुढं बोलावून नावाचं बोलत. अक्कलकोटच्या आणि पंढरपूरच्या वाद्यवाल्यांनी नुसते उतारे मागवायला सुरुवात केली. अक्कलकोटकडून कानडी नावांचीही मागणी आली, तेव्हा तिनं मिस्त्रींकडून कानडी अक्षरंही उलटी शिकून घेतली. जर्मन छाप विकणारा एक व्यापारी एकदा मुद्दाम आला आणि खळीत काय घालता म्हणून विचारू लागला. तिनं सगळं सांगून टाकलं. त्याचा विश्वास बसला नाही. बाई पक्की आहे, खरं सांगत नाही, असं तो बाहेर जाऊन म्हणाला.

चौतीस सालापासून मिस्त्रींना रंधाही चालवता येईना. निंगव्वानं भावाच्या मुलाला, सिद्धारामला, लाकूडकामासाठी बोलावून घेतलं. तो तिशीचा, हाताला चांगला माणूस होता, पण त्याला उताऱ्यांचा कंटाळा होता. म्हणून मायाक्कानं आपल्या आळीतल्या दोन बाया आणल्या, अंबुबाई आणि सोजरबाई, आणि त्यांना शिकवायला बसली. पहिला महिनाभर तिनं त्यांना रंगाला हात लावू दिला नाही. भुसा, फळी आणि अक्षरं. सोजरबाई कुरकुरली, की रंग भरायला अक्षरं कशाला लागतात. मायाक्कानं फळीवरचा भुसा सारखा केला आणि पुढचं अक्षर काढलं.

मिस्त्री छत्तीसच्या श्रावणात गेले. शेवटचे काही महिने ते पडवीत खाटेवर पडून तिघींचं काम बघत. रंग कमी पडला की नुसते घसा खाकरत. ते गेल्यावर दुकान चालवायचं की बंद करायचं हे निंगव्वानं मायाक्काला विचारलं, आणि दोघींनी मिळून ते चालवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून मायाक्कानं खळ शिजायला ठेवली, कारण कुर्डूवाडीच्या एका मंडळाची पेटी गणपतीच्या आधी द्यायची होती.